७ व्या दिवशी २० वा

माझे भावोजी पेंटर आहेत. त्यांना चित्रकार म्हटलेलं चालत नाही. "चित्रं काढणारा उपाशी मरतो, मी अक्षरं काढतो," असं ते बजावून सांगतात. दवाखान्यांच्या भिंती, शाळेच्या फाटकाची कमान, टेम्पोच्या मागची फळी, सगळीकडे त्यांची अक्षरं आहेत. आणि ती इतकी देखणी असतात की ज्याच्या दारावर त्यांनी 'येथे गाडी लावू नये' असं लिहून दिलं, त्याच्या दारात लोक गाडी लावून ते वाचत उभे राहतात.

उंच, सडपातळ, कानामागे कायम खडू आणि नखांत लाल ऑइल पेंट. हात रॉकेलने धुतात, त्यामुळे घरात आधी वास येतो आणि मागून भावोजी. चालताना, चढताना, उकिडवे होऊन रंग भरताना त्यांना सगळ्यांनी पाहिलंय. नुसतं बसलेलं मात्र कुणी फारसं पाहिलेलं नाही. जेवायला बसतात तेसुद्धा एक पाय चपलेत ठेवून.

यामागे एक शब्द आहे. फ्लेक्स आला तेव्हा त्यांच्याबरोबरचे सगळे पेंटर बसले. म्हणजे खुर्चीवर नव्हे, धंदा बसतो तसे बसले. एक वॉचमन झाला, एक मुलाकडे राहायला गेला, एकाने ब्रश विकून टाकले. तेव्हापासून 'बसला' हा शब्द भावोजींच्या कानाला शिवीसारखा लागतो. पाहुण्यांकडे गेलं आणि यजमान "बसा, बसा" म्हणाले की भावोजींचा चेहरा असा होतो, जणू कुणी त्यांचं वाईट चिंतलंय.

ते स्वतः बसले नाहीत, कारण त्यांना शटर सापडलं. फ्लेक्स शटरवर टिकत नाही. शटर गुंडाळलं की तो फाटतो. तिथे ब्रशच लागतो. प्रश्न एवढाच की आठवडाभर शटर वर गुंडाळलेलं असतं, लिहिणार कशावर? ते पूर्ण खाली येतं फक्त रविवारी. झालं. भावोजींचा धंदा वाचला आणि रविवार गेला.

आम्ही ख्रिस्ती माणसं. आमच्या चर्चमध्ये शब्बाथाबद्दल, म्हणजे रविवारी काम न करण्याबद्दल, फार कडक बोललं जातं. पाळणं वेगळं, बोलणं वेगळं, आणि बोलण्यात आमची मंडळी कुणाला हार जाणार नाही. रविवारी सकाळी सगळे नटूनथटून उपासनेला निघाले की वाटेत हमखास एखाद्या दुकानापुढे भावोजी उकिडवे बसलेले दिसायचे, 'रविवारी बंद' मधला 'द' भरत. मंडळी च्च च्च करायची. "बिचारा, शब्बाथ मोडतो हो." ज्यांच्या दुकानाचं शटर असायचं तेही आमच्याच मंडळीतले. ते शनिवारी फोन करायचे, "पेंटर, उद्या सकाळी लवकर या, शटर खालीच आहे," आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत भावोजींना सुबुद्धी मिळावी म्हणून डोळे मिटून विनंती करायचे. देवाला दोन्ही ऐकू जात असणार. मी त्याच्या जागी असते तर कानावर हात ठेवले असते.

माझी ताई, म्हणजे भावोजींची बायको, या सगळ्यातून एकटी चर्चला यायची. डावीकडचा चौथा बाक. बाकावर शेजारी पर्स ठेवायची. कुणी "इथे कुणी आहे का?" विचारलं की म्हणायची, "येणार आहेत." मी मागच्या बाकावर बसते, म्हणून ते मला दर रविवारी ऐकावं लागायचं, आणि दर रविवारी मला भावोजींना ब्रशनेच झोडावंसं वाटायचं.

मुलगी लग्न होऊन गेली तोपर्यंत ताई काही बोलली नाही. ती गेल्यावर घरात दोन माणसं उरली, आणि त्यातलं एक शटरवर. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. भावोजी उभ्यानेच बशीतून चहा पीत होते. ताई शांतपणे म्हणाली, "पुढच्या महिन्यात चर्चचा वर्धापनदिन आहे. त्या रविवारी तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसायचं. नाही बसलात, तर सोमवारी मी हिच्याकडे राहायला जाणार. कायमची."

'हिच्याकडे' म्हणजे माझ्याकडे. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येक डब्याबद्दल, प्रत्येक पडद्याबद्दल ताईचं मत आहे. ते तिने अजून पूर्ण सांगितलेलं नाही, वेळ मिळाला नाही म्हणून.

"अगं, एवढं काय त्यात," भावोजी म्हणाले.

"एवढंच आहे त्यात. म्हणून तर मागतेय."

भावोजींनी बशी ठेवली. "हे बघ, देवाने विसावा घेतला, मला मान्य आहे. पण कधी घेतला? काम संपल्यावर. आकाश झालं, पाणी झालं, झाडं, जनावरं, माणूस, सगळं झालं आणि मग तो थांबला. माझं काम संपलं की मीही थांबतो. मी काय देवापेक्षा मोठा आहे?"

"भावोजी, देवाला शटरं नव्हती," मी म्हटलं.

"म्हणून तर सहा दिवसांत आटपलं!"

मला हसू आलं. ताईला आलं नाही. तिने कप उचलले आणि आत गेली. ताई भांडत असली की काळजी नसते. ती कप उचलते तेव्हा असते.

भावोजींना तेवढं कळत होतं. मूर्ख नाहीत ते, फक्त उभे आहेत. त्यांनी त्यातून वाट काढली ती अशी: वर्धापनदिनासाठी चर्चची पुढची भिंत रंगवायची होती, आणि व्यासपीठाच्या वर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहायची होती. ते काम त्यांनी स्वतः जाऊन मागून घेतलं, फुकट. घरी येऊन ताईला म्हणाले, "आता दर रविवारी तुझ्या नजरेसमोर मीच. भिंतभर."

"मला भिंतीवर नको आहात," ताई म्हणाली, "बाकावर हवे आहात."

ओळ निवडली आमच्या पाळकसाहेबांनी. तरुण आहेत, हुशार आहेत, आणि सगळं आटोपशीर असावं असा त्यांचा आग्रह असतो, एक प्रवचन सोडून. वर्धापनदिनाला बिशपसाहेब येणार होते आणि विषय होता शब्बाथ. म्हणून ओळ ठरली: 'सहा दिवसांत देवाने सर्व केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला.' भावोजींनी दोरी लावून भिंत मापली. दोन खिडक्यांच्या मधे एवढी अक्षरं त्यांच्या पसंतीच्या आकारात बसेनात. पाळकसाहेब घाईत होते. जाता जाता म्हणाले, "मग आकडे सगळे अंकांत घ्या ना. सुटसुटीत दिसेल."

भावोजींनी काम घेतलं ते दोन कामांच्या फटीत. सकाळी एका गॅरेजची भिंत, दुपारी एका क्लासची पाटी, आणि मधल्या वेळात देव. त्यांचा हात इतका तयार आहे की लिहिताना डोकं लागत नाही. डोकं पुढच्या कामावर गेलेलं असतं. सांगितलं होतं, आकडे अंकांत. हाताने प्रामाणिकपणे तसं केलं. 'सहा' आला, त्याचा ६ केला. 'सातव्या' आला, ७ व्या केला. पुढे 'विसावा' आला. आता तुम्हीच सांगा, एकोणिसाव्यानंतर काय येतो? हाताने २० वा लिहिला, खाली काळी सावली दिली, आणि भावोजी शिडी खांद्यावर टाकून क्लासच्या पाटीकडे गेले.

पुढच्या रविवारी, म्हणजे वर्धापनदिनाच्या आधीच्या रविवारी, मंडळी आत आली तर समोर लाल अक्षरांत झळकत होतं: '६ दिवसांत देवाने सर्व केले आणि ७ व्या दिवशी २० वा घेतला.'

कुणाच्याही लक्षात आलं नाही. लोक वर बघत होते, माना डोलवत होते. एक बाई म्हणाल्या, "किती छान वाटतं ना वाचून." पाळकसाहेबांची भिंतीकडे पाठ, त्यांचा प्रश्नच नव्हता. आपल्याला जे ठाऊक आहे ते माणूस वाचत नाही, नुसता त्याच्याकडे बघतो. दुसऱ्या गीताच्या मधे ताईचा बाक हलायला लागला. तिने तोंडात रुमाल कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, तिला फार भरून आलंय. त्यांनी आपलाही रुमाल दिला. मग मी वर पाहिलं, आणि मग मलाही भरून आलं.

उपासना संपल्यावर बोभाटा झाला. काहींनी भिंतीचा फोटो काढला. काही म्हणाले, हा अपमान आहे. आमच्या मंडळीत एक आजोबा आहेत, आयुष्यभर एका कंपनीत हिशेब तपासले, अजून तपासतात. ते काठी टेकत पुढे आले, चष्मा वर सरकवून पूर्ण ओळ वाचली आणि म्हणाले, "यात चुकलं काय? आपण देवाला दशांश देतो, दहावा हिस्सा. इथे स्पष्ट लिहिलंय, त्याने विसावा घेतला. म्हणजे निम्माच. इतकी वर्षं आपण जास्त देत आलो." ते थट्टा करत नव्हते, हे लक्षात येईपर्यंत आणखी दोघे त्यांच्या बाजूचे झाले होते. पाळकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

भावोजींना बोलावणं गेलं. ते एका शटरवरून तसेच आले, हातात ओला ब्रश. भिंतीसमोर उभे राहिले आणि वाचलं. मी त्यांना धंद्यात इतकी वर्षं पाहतेय. काना चुकला तर रात्रभर तळमळणारा माणूस. त्यांचा चेहरा बघवेना. "हे माझ्या हातचं आहे?" असं त्यांनी अगदी हळू विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढा सुरेख २ दुसरं कोण काढणार?

"बिशपसाहेब यायच्या आत दुरुस्त व्हायला हवं," पाळकसाहेब म्हणाले.

भावोजींनी मनातल्या मनात आठवडा चाचपला. सोमवारपासून शनिवारपर्यंत शब्द दिलेला होता, आणि शब्द मोडणं त्यांना ठाऊक नाही. म्हणजे दुकानदारांना दिलेला शब्द. "रविवारी पहाटे येतो," ते म्हणाले. "पांढरा मारतो, वाळला की वर लाल. उपासनेआधी होऊन जाईल."

पाळकसाहेब थोडे घुटमळले. शेवटी तो दिवस शब्बाथाचा, विषय शब्बाथाचा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चालेल. फक्त लोक यायच्या आत आटपा. बरं दिसत नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. विसावा हा शब्द लिहायला विसाव्याचा दिवस मोडायचा, आणि तोही गुपचूप. ताई शेजारीच उभी होती. घरी जाताना वाटेत तिने मला विचारलं, "तुझ्या कपाटात खालचा कप्पा रिकामा आहे ना?"

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत.

वर्धापनदिनाच्या रविवारी ताई मला घेऊन फार लवकर चर्चला पोहोचली. भावोजी वर होते. दोन उंच लोखंडी घोडे, एकाला टेकवलेली शिडी, घोड्यांवर आडव्या फळ्या, आणि फळ्यांवर ते, भिंतीला नाक लावून. '२० वा' पुसला गेला होता. ओल्या पांढऱ्याचा चौकोन तेवढा चमकत होता. लाल डबा उघडून ठेवलेला, आणि भावोजी पुठ्ठ्याने पांढऱ्याला वारा घालत होते.

"खाली या," ताई म्हणाली.

"वाळत नाहीये गं. हवेत ओल आहे."

"नाही वाळत तर नाही वाळत. खाली या, तोंड धुवा, माझ्या शेजारी बसा."

"एक शब्द राहिलाय फक्त. काम संपलं की आलोच."

ताईने वर पाहिलं. मला वाटलं, आता हिचा आवाज चढणार. तिने पदर खोचला आणि मला म्हणाली, "धर त्या बाजूने." शिडीची गोष्ट करत होती ती. मी धरली. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा माझ्या डोळ्यांपुढे होता, तेव्हा मी काही विचारण्याच्या स्थितीत नव्हते. आम्ही दोघींनी शिडी घोड्यावरून उचलली, मधल्या वाटेने मागे नेली आणि अडगळीच्या खोलीत ठेवून दार लावलं. "अगं! अगं शिडी!" असं वरून ऐकू येत होतं. ताई आपल्या बाकावर जाऊन बसली, शेजारी पर्स ठेवली आणि गीतांचं पुस्तक उघडलं.

घंटा झाली. लोक यायला लागले. भावोजींना ओरडता येईना. उडी मारावी तर खाली वेदी, आणि वेदीवर फुलं. पाळकसाहेब आत आले, वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. त्यांच्या मागून बिशपसाहेब येत होते, आता काही करणं शक्य नव्हतं. भावोजींनी ब्रश उचलून खुणेने विचारलं, लिहू का? खाली पाळकसाहेबांचा पांढराशुभ्र झगा, बरोबर डब्याखाली. त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा निसटला. मग भावोजींनी ब्रश खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उभं राहिलं तर सगळ्यांना दिसणार. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा ते फळीवर बसले.

लोकांनी ते मनावर घेतलं नाही. मागे कुणीतरी म्हणालं, "वर्धापनदिनाची नाटिका असेल." बिशपसाहेबांनी एकदा वर पाहिलं, भिंतीवरची रिकामी जागा पाहिली, आणि मोठ्या माणसांना शोभेल असं काहीच न पाहिल्यासारखं केलं.

पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी चांगलं झालं. मला त्यांचं कौतुक करायला जड जातं, पण झालं. ते म्हणाले, देव थकला म्हणून थांबला नाही. त्याला थकवा नाही. तो थांबला ते केलेलं बघायला, आणि त्याला ते चांगलं दिसलं. म्हणाले, विसावा म्हणजे कामाची मजुरी नव्हे, ते दान आहे. मालकाला आहे तसं ते नोकराला आहे, गुराढोरांना आहे, दारात आलेल्या परक्याला आहे. आधी लायक व्हा आणि मग बसा, असं देव कुठेही म्हणालेला नाही. माणसाच्या तोंडून कधी कधी खरं निसटतं, त्याचं त्यालाही कळत नाही. पाळकसाहेबांनाही कळलं नसावं, कारण त्याच वेळी वरून घोरण्याचा आवाज यायला लागला आणि त्यांनी रागाने वर पाहिलं. अख्ख्या मंडळीत त्यांचं म्हणणं अमलात आणणारा तो एकच माणूस होता.

इतक्या वर्षांचे रविवार त्या फळीवर भावोजींच्या अंगावर एकदम कोसळले असावेत. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, पाय लोंबते. कुणाला हसू आवरेना, कुणाला राग. हिशेबनीस आजोबा मात्र इतके गाढ झोपले होते की त्यांना वरचं घोरणं आपलंच वाटलं आणि ते दचकून उठले.

मग मूक प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. चर्चभर शांतता. मी प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवते, लहानपणापासूनची खोड. त्या शांततेनेच भावोजींना जाग आली. आवाजात झोपलेला माणूस आवाज थांबला की उठतो. त्यांनी डोळे चोळले आणि खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून त्यांना काय दिसलं ते मला खालून कळत होतं: डोकी, डोकी, डोकी, बाकाबाकावर खेटून बसलेली. आणि डावीकडच्या चौथ्या बाकावर एक डोकं, शेजारी एक पर्स, आणि मधे जागा.

ताईनेही डोळे मिटले नव्हते. ती वरच बघत होती.

ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले आणि मला त्या दोघांचा फार राग आला. आमेन म्हटलं गेलं तेव्हा भावोजींनी मान फिरवली आणि बाहीने तोंड पुसलं. गालाला पांढरा रंग लागला.

उपासना संपली. सगळे मागच्या हॉलमध्ये जेवायला पळाले. बिशपसाहेब सगळ्यांत पुढे. चर्च रिकामं झाल्यावर ताईने आणि मी शिडी पुन्हा आणून लावली. भावोजी उठले, एक पाय पायरीवर ठेवला.

"उतरू नका," ताई म्हणाली. "बसा तिथेच."

आणि ती चढायला लागली. ताईचे गुडघे असे आहेत की घरात स्टुलावर चढायचं तर ती मला फोन करते. मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जेवढ्या प्रार्थना पाठ होत्या तेवढ्या म्हणून टाकल्या. प्रत्येक पायरीला तिचे गुडघे वाजत होते. भावोजींनी वरून हात दिला. ती त्यांच्या शेजारी बसली, साडी सारखी केली आणि दम खाल्ला.

"मला वाटायचं, तिथे कुणीतरी बसत असेल," शेवटी भावोजी म्हणाले. "एवढी गर्दी असते. जागा कोण रिकामी ठेवतं?"

"मी," ताई म्हणाली.

भावोजींनी ब्रश हातात घेतला, त्याच्या केसांवरून बोट फिरवलं, परत ठेवला. सवयीला काहीतरी करायला हवं होतं. "पांढरा वाळलाय बघ आता," ते म्हणाले. "एकच शब्द आहे. एवढं संपवून टाकतो, मग बसू निवांत."

"नका संपवू."

"अगं, अर्धवट कसं सोडायचं? देवानेसुद्धा आधी काम पुरं केलं आणि मग..."

"कुठे पुरं केलं?" ताई म्हणाली. "आदल्याच दिवशी माणूस करून ठेवला होता त्याने. तो पुढे काय काय दिवे लावणार, हे त्याला ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. तरी बसला ना?"

भावोजींनी वाकून लाल डब्याचं झाकण घेतलं आणि तळव्याने दाबून बसवलं.

मी खालून विचारलं, "शिडी धरून ठेवू की जाऊ?" वरून कुणीच उत्तर दिलं नाही. मग मी ती नीट टेकवली आणि जेवायला गेले.